पगाराचा कागद आणि हातातला पगार

आमच्या घरात दोन शिक्षिका आहेत. ताई १९९८ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. वहिनी, म्हणजे मधल्या भावाची बायको, तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. ताई बारावीनंतर डी.एड. झाली आणि विसाव्या वर्षी नोकरीला लागली. वहिनी बी.एस्सी., बी.एड. आहे, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास. ताईचा पगार ऐंशी हजारांच्या पुढे गेलाय. वहिनीच्या हातात बारा हजार येतात. दोघींचं एकमेकींवर फार प्रेम आहे आणि त्यामुळेच पगाराचा विषय घरात सहसा निघत नाही. या दिवाळीत तो मी काढला. माझी मुलगी खाजगी शाळेत जाते, दरवर्षी फी वाढते, आणि त्या फीतलं तिच्या बाईंना किती मिळतं हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

वहिनी: आधी ताईंना विचारते. तुमच्या शाळेचा पट किती?

ताई: एकोणीस. चार वर्ग, दोन शिक्षक. आता दिवाळी झाली की अकरा उरतील, बाकीची पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातील.

वहिनी: माझ्या एका वर्गात चाळीस आहेत. तुमच्या गावातूनच बस भरून येतात. पालक मूर्ख नाहीत, ताई. फुकट शाळा दारात असताना बावीस हजार फी भरतात, ते काहीतरी बघूनच ना?

ताई: इंग्रजी बघून, टाय बघून, बस बघून. तुझ्याकडे बघून किती जण येतात ते सांग. चाळीस पोरांचे आठ लाख ऐंशी हजार झाले. त्यातले तुझ्याकडे किती येतात?

वहिनी: मे सोडून अकरा महिन्यांचे एक लाख बत्तीस हजार. पण मी एकटी नाही ना त्या वर्गाला. भाषेची बाई वेगळी, चित्रकला, खेळ. धरा, एका वर्गामागे दीड शिक्षक.

ताई: म्हणजे जवळपास दोन लाख. बाकीचे पावणेसात लाख?

वहिनी: इमारतीचं कर्ज आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांवरच्या मुलांचे पैसे सरकार वर्षानुवर्षं देत नाही. शंभर रुपये फी वाढवली की दहा पालक टीसी मागायला येतात. मला संस्थाचालकांची बाजू घ्यायची नाही, पण ऑफिसात माझी ये-जा असते, मला दिसतं. तुमच्या पगाराचे पैसे मंत्रालयातून येतात, म्हणून तुम्हाला हिशेब करावा लागत नाही.

वहिनीचं हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. खाजगी शाळा म्हटलं की शहरातली वातानुकूलित इमारत डोळ्यांपुढे येते. पण तालुक्यांच्या गावी आठ-दहा हजार फीवर चाललेल्या शाळा ढिगाने आहेत आणि त्यांतल्या काहींकडे सरकारी वेतनश्रेणी द्यायला पैसे खरोखरच नसतात. ताईने हे मान्य केलं. पुढचं मात्र मान्य केलं नाही.

ताई: पैसे नसतील तर शाळा काढायची नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे. अनुदान असो वा नसो, कायदा लागू. वेतनश्रेणी त्याच्या अनुसूचीत छापलेली. आज नव्याने कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. सीबीएसईवाल्यांच्या संलग्नतेच्या नियमांतही राज्य सरकारच्या बरोबरीने पगार द्या असं लिहिलंय. तुझा पगार कमी आहे असं तू म्हणतेस. अगं वहिनी, तो बेकायदा आहे.

वहिनी: कागदावर तो कायदेशीरच दिसतो. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या खात्यावर अडतीस हजार जमा होतात.

ताई: काय?

वहिनी: आणि आठ तारखेला सव्वीस हजार रोख काढून ऑफिसात द्यायचे. पाकिटावर नाव लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं चुकून जास्त आले. मुख्याध्यापिकेने बाजूला बोलावून समजावलं. आता सवय झाली.

ताई बराच वेळ बोलली नाही. मीही बोललो नाही. ही गोष्ट मी ऐकून होतो, आपल्या घरात घडतेय हे माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून तो गप्प होता.

ताई: तक्रार का नाही केलीस?

वहिनी: कुठे? नेमणुकीचा आदेश जूनमध्ये मिळतो, एप्रिलअखेर संपतो. दोन वर्षांची परिवीक्षा सलग झाली की कायम करावं लागतं ना, म्हणून ती होऊच द्यायची नाही. दर जूनला मी नव्याने लागते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला की दुपारपर्यंत तो संस्थेत पोचतो. शाळा न्यायाधिकरण आहे म्हणतात, ते नोकरीवरून काढलं, पदावनत केलं तर. तीस दिवसांत अपील करायचं. पगार कमी दिला यासाठी तिथे दार नाही. मग उरलं हायकोर्ट. बारा हजारांत वकील बघू की पोराची वही?

आमच्या गावातल्या एका वकिलांनी मला नंतर एक निकाल दाखवला. १९८८ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा, आणि मूळ प्रकरण गोव्याच्या एका शिक्षिकेचं. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिक्षक हा ‘कामगार’ ठरत नाही, असं त्यात न्यायालयाने म्हटलं. शिकवणं हे उदात्त कार्य आहे, हे त्यामागचं एक कारण. कापड गिरणीतल्या माणसाला जे कामगार न्यायालय उघडं होतं, ते शिक्षिकेला नव्हतं, आणि तेही तिच्या कामाचा गौरव करता करता. ग्रॅच्युइटीचं तसंच झालं. २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून १९९७ पासून त्यांना आत घेतलं, खाजगी शाळा भांडल्या, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. सलग पाच वर्षं सेवा झालेल्या खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला आज ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. वहिनीला तो माहीत नव्हता. तिच्या शाळेत कुणालाच माहीत नव्हता. दर एप्रिलला आदेश का संपवतात, याचं आणखी एक कारण तिला त्या दिवशी कळलं.

दर ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, तिच्या शाळेत संस्थेचे अध्यक्ष शिक्षकी पेशातल्या त्यागावर भाषण करतात. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचं उदाहरण देतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं काम केलं, हे खरंच आहे आणि मोठंच आहे. पण ती संस्था ते आजीव सदस्यच चालवत होते. पैसा किती आला, इमारतीवर किती गेला, स्वतःला किती घ्यायचे, हे ठरवणारे आणि कमी घेणारे हात एकच होते. ज्या माणसाला हिशेबाची वही उघडायची मुभा नाही, त्याच्याकडून त्याग मागण्याचा हक्क कुणालाच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

वहिनी: पण ताई, तुमच्यावर माझा राग आहे तो आज बोलूनच टाकते. २००० साली सरकारने शिक्षणसेवक आणले. तीन वर्षं तीन हजारांवर राबा, मग पुढचं बघू. तेव्हा तुम्ही नोकरीत होता. तुमच्या संघटनेने काय केलं?

ताई: निवेदनं दिली. मोर्चे काढले.

वहिनी: शाळा बंद पाडल्या? पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये पाडल्या तशा?

ताई: नाही.

वहिनी: कारण तुमच्या पगाराला हात लागला नव्हता. दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, ‘कायम विनाअनुदानित’ आलं. शाळा काढा, मान्यता देतो, पण अनुदान कधीच मागायचं नाही. तेव्हाही तुम्ही गप्प. सरकारला कळलं की तीन हजारांतही माणूस येतो, शून्यातही येतो. मला बारा हजार देणाऱ्या संस्थाचालकाला ही अक्कल सरकारनेच शिकवली.

हे मला पटलं आणि मी तसं म्हणालो. खाजगी शाळांत पगार कमी आहेत ते बाजाराच्या नियमाने, असं आपण समजतो. पण स्वस्त शिक्षकाचा पायंडा या राज्यात शासन निर्णयांनी पाडला. शिक्षणसेवकाचं मानधन पुढे सहा हजार झालं आणि तिथेच दशकभर अडकलं. २०२३ मध्ये प्राथमिकसाठी ते १६ हजार केलं गेलं. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला, पण पहिलं वीस टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. त्यानंतरचा प्रत्येक वीस टक्क्यांचा टप्पा मुंबईच्या आझाद मैदानात धरणं धरून बसल्याशिवाय मिळालेला नाही. लग्न, बाळंतपण, आईबापांची आजारपणं सगळं बिनपगारी नोकरीत काढून पन्नाशीला आलेले शिक्षक त्या मैदानात मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी, त्याच तालुक्यात, तोच अभ्यासक्रम शिकवून पूर्ण पगार घेणारा अनुदानित शाळेतला शिक्षक असतो.

ताई: गप्प बसलो हे मी मान्य करते. पण वहिनी, माझा पगार जास्त आहे म्हणून तुझा कमी आहे, असं समजू नकोस. माझा कापला तर तुझा एक रुपयाने वाढणार नाही. तुझे संस्थाचालक आज बारा देतात, कारण बाहेर कुठेतरी चाळीस मिळतात म्हणून पोरं अजून डी.एड., बी.एड. करतात. माझ्यासारख्या जागा संपल्या की ते आठ देतील.

वहिनी: पण काम बघून पगार का नको? तुमच्याकडे न शिकवणाराही तोच पगार घेतो. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी.

ताई: ऐकलंयस. माझ्या केंद्रात तसे आहेत आणि त्यांची मला लाज वाटते. त्यांच्यावर कारवाई करायला नियम आहेत, करणारे नाहीत. पण निकालावर पगार म्हणशील, तर माझ्या तिसरीच्या पोराचा निकाल कसा लावणार? नोव्हेंबर ते एप्रिल ते फडात असतं. मेमध्ये परत येतं तेव्हा जोडाक्षरं विसरलेलं असतं. मी त्याला वर्षातून दोनदा तेच शिकवते. परीक्षेत ते तुझ्या पोरांच्या मागेच राहणार. मग मला कमी पगार? दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला बदली मागीन. कोणीही मागेल.

यावर वहिनीने उत्तर दिलं नाही, पण तिला पटलंही नाही. तिच्या शाळेत सहामाहीच्या निकालावरून प्रत्येकीला पालकांसमोर उभं करतात. वर्गात खुर्ची नाही, बसलेली बाई कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. सलग सात तास, मधल्या सुट्टीत डबे बघायचे, सुटल्यावर बसमध्ये बसून शेवटच्या वाडीपर्यंत जायचं. एप्रिल-मेमध्ये घरोघर फिरून प्रवेश आणायचे, ठरलेला आकडा पुरा केला नाही तर जूनचा आदेश मिळेल की नाही सांगता येत नाही. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा कायद्यात आहे. तिच्या शाळेत पोट दिसू लागलं की राजीनामा लिहून घेतात. ती हे सगळं एका दमात, अगदी साध्या आवाजात सांगत होती.

ताईचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. पोषण आहाराचे तांदूळ मोजा, ॲपवर टाका, यू-डायसवर शाळेची माहिती भरा, मतदारयाद्यांसाठी बीएलओ म्हणून दारोदार फिरा, आज हे सर्वेक्षण, उद्या ते. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही, पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर काम निघतं. दोन शिक्षकांतला एक बैठकीला गेला की चारही वर्ग एकीवर. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांच्या मोर्चातली घोषणा ऐकून शहरातले लोक हसतात. त्यांनी एक आठवडा अशा शाळेत काढावा.

यावरून मला जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा आकड्यांसह मांडला. पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो, तो किमान बारा रुपये हवा, मोठ्या गावांत पंधरा-वीस हवा, आणि शिक्षक प्रशिक्षित हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले. गावचे हिशेब तपासणं, पोस्टमास्तरकी अशी कामंही शिक्षकाला द्यावीत, असं त्यांनी सुचवलं होतं. गावात त्याचं वजन वाढावं हा त्यामागचा हेतू. आज ताईला दिली जाणारी कामं तिचं वजन वाढवत नाहीत. गावकरी तिला रेशनच्या, यादीच्या तक्रारी सांगतात आणि पोरगं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात.

बोलता बोलता टीईटीचा विषय निघाला. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं बंधनकारक केलं. सत्तावीस वर्षं शिकवून ताई आता परीक्षेला बसणार. वहिनी तिला गणित शिकवणार आहे. पात्रता जिच्याकडे आहे तिला सरकारी नोकरी नाही आणि नोकरी आहे तिला पात्रता सिद्ध करायचीय. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर वहिनीची नोंद आहे. गुण थोडक्यात कमी पडले. अनुदानित शाळेत पूर्वी देणगी देऊन शिरता यायचं, तिच्या वडिलांनी शेत विकायची तयारी दाखवली होती, तिने नको म्हटलं. याबद्दल मला तिचा अभिमान आहे.

वहिनी: मला तर वाटतं, सरकारने मुलामागे पैसे द्यावेत, मूल कुठल्याही शाळेत जावो. मग आमच्याकडेही पगाराला पैसे येतील.

ताई: इमारतीला येतील. आता तुझ्या खात्यावर येणारे पैसे परत जातातच ना? जास्त आले तर जास्त परत जातील. तुमच्याकडे शिक्षक किती?

वहिनी: वीस.

ताई: सव्वीस हजार, अकरा महिने, वीस जणी. कर बरं हिशेब.

वहिनीने मनातच केला. सत्तावन्न लाख वीस हजार. दर वर्षी. कर्ज, आरटीईची थकबाकी, टीसी मागणारे पालक, यातलं काही खोटं नव्हतं. पण हा आकडा तिने कधी मांडून पाहिला नव्हता.

मला तेव्हा शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आठवला. फी ठरवताना जे घटक विचारात घ्यायचे, त्यांत शिक्षकांच्या वेतनाचा खर्च आहे. नव्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी, कागदपत्रांसह, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे पालकांपुढे येतो तो अडतीस हजारांचा आकडा. त्यावर फी ठरते, आणि पालक ती भरतात. आठ तारखेचं ते पाकीट वहिनीच्या खिशातून जातं तसं पालकाच्याही खिशातून जातं. तिने तक्रार केली तर नोकरी जाते. पालकाने प्रश्न विचारला तर त्याचं काय जाणार आहे? फार तर मुलाकडे जरा वाकड्या नजरेने बघतील. ती भीतीही खरी आहे, पण चाळीस पालकांनी मिळून विचारलं तर उरत नाही. आणि हे विचारायची जागा कायद्याने त्यांना दिलेली आहे.

वहिनी: आमच्या शाळेत नको. तुमच्या भावाने समितीत तोंड उघडलं की मी घरी.

ताई: मग हा विचारेल. याची पोरगी दुसऱ्या गावात आहे, दुसऱ्या शाळेत. तुला कोण ओळखतंय तिथे?

मी हो म्हणालो. जूनच्या सहा महिने आधी म्हणजे डिसेंबर. आमच्या समितीची बैठक तोंडावर आहे. शिक्षकांचं पगारपत्रक दाखवा, असा अर्ज द्यायचं मी ठरवलं.

वहिनी: पगारपत्रक मागू नका भावजी. ते चोख असतं, बँकेच्या शिक्क्यासकट. तुम्ही एवढंच विचारा, की गेल्या तीन वर्षांत किती बाई सोडून गेल्या, आणि आज शिकवणाऱ्यांपैकी कितीजणींना कायमचा आदेश दिलाय. त्या आदेशांच्या प्रती मागा.